वाळवंटाखालचे पाणी

मराठीत 'वाळवंट' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पंढरपूरला चंद्रभागेचे पाणी ओसरले की पात्रात जी वाळू उघडी पडते, ते वाळवंट. वारकरी तिथे टाळ-मृदंग घेऊन उभे राहतात. आणि दुसरे वाळवंट म्हणजे आपण कुवेतकर ज्यात संसार थाटून बसलो आहोत, ते. पहिल्या वाळवंटात वाळूखाली पाणी असते, हे खेड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्याबद्दल मात्र गावाकडून सुट्टीत एकच प्रश्न येतो, "तिकडं पाण्याचं कसं करता रे?"

गंमत म्हणजे हे दोन अर्थ वाटतात तितके दूरचे नाहीत. कुवेतच्या पाण्याचा इतिहास पाहू लागलो की त्यात नदी भेटते, नदीचा काठ भेटतो आणि काठातून जमिनीत मुरणारे पाणीही भेटते. तोच धागा धरून मागे गेले की आपण थेट खाम, तापी आणि भीमेच्या काठी जाऊन पोचतो. या लेखात तो प्रवास करू या. सुरुवात अर्थातच घराजवळून, म्हणजे मिरकाबपासून.

वेशीबाहेरच्या विहिरी

आज मिरकाब म्हटले की आपल्याला बस स्टँड, मनी एक्स्चेंजच्या रांगा आणि शुक्रवारची गर्दी आठवते. पण शर्क, जिब्ला आणि मिरकाब हे जुन्या कुवेत शहराचे तीन मूळ मोहल्ले. शर्क आणि जिब्ला समुद्राला लागून, तर मिरकाब आतल्या, दक्षिणेच्या अंगाला. नावाचा अर्थच टेहळणीची उंच जागा. १९२० साली इखवानांच्या स्वारीच्या भीतीने कुवेतवासीयांनी काही महिन्यांत शहराभोवती मातीचा तट उभा केला, तेव्हा मिरकाब त्या तटाच्या आत आले. तट १९५७ साली पाडला गेला, पण त्याच्या वेशी राखल्या गेल्या. पहिल्या रिंगरोडलगत शामिया दरवाजा आजही दिसतो. गाडीतून जाताना आपण तो हजारदा पाहिला असेल.

या दरवाजाबाहेर शामियाच्या विहिरी होत्या. थोडे पुढे हवल्लीच्या. शहराचे गोडे पाणी प्रामुख्याने अशा उथळ विहिरींतून येत असे. चामड्याच्या पखालींत भरून ते गाढवांवर लादायचे आणि वेशीतून आत आणायचे. गल्लोगल्ली पाणी विकणारे लोक होते. त्यांतल्या 'कंदरी' म्हणवणाऱ्यांच्या खांद्यावर आडवा दांडा आणि दोन टोकांना दोन डबे असत. आपल्याकडची कावडच ती! आणि या पाण्याचे मोल चुकते होई तेही रुपया-आण्यांत, कारण इथे चलन आपलेच होते. कुवेती दिनार आला तो १९६१ साली.

या विहिरींत पाणी कुठून येई? वर्षाकाठी इथे सरासरी जेमतेम ११० ते १२० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या रत्नागिरीकडे तेवढा आषाढातल्या एखाद्या दिवसातही पडून जातो. तो थोडा पाऊस वाळूच्या सखल जागी साचे, उन्हाने उडून जाण्याआधी त्यातला काही भाग खाली मुरे आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत राही. विहीर हळू उपसली तर पाणी गोडे, घाई केली तर मचूळ. गाव वाढले, उपसा वाढला, विहिरी खाऱ्या होत गेल्या.

उधारीची नदी

विहिरी पुरेनात तेव्हा कुवेतने नदी उधार घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लाकडी गलबते उत्तरेला शत्त-अल-अरबमध्ये जाऊन तिथले गोडे पाणी टाक्यांत भरून आणू लागली. तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या एकत्र होऊन समुद्राकडे जातात, त्या प्रवाहाला शत्त-अल-अरब म्हणतात. १९३९ साली या पाणीवाहतुकीसाठी कंपनीच स्थापन झाली आणि किनाऱ्यावर साठवणीच्या टाक्या बांधल्या गेल्या. ज्या गलबतांतून हे पाणी येई त्यांचे सागवान बहुतेक आपल्या मलबार किनाऱ्यावरून आलेले असे. म्हणजे नदी इराकची, लाकूड हिंदुस्थानचे आणि तहान कुवेतची!

शत्त-अल-अरबच्या काठी खजुराच्या मोठ्या बागा होत्या. समुद्राला भरती आली की नदीचे गोडे पाणी मागे रेटले जाई, पाटांमधून बागांत शिरे आणि मातीत मुरे. ओहोटीला उरलेले परत नदीत जाई. दिवसातून दोनदा नदी काठात शिरायची आणि दोनदा बाहेर पडायची. ही देवघेव लक्षात ठेवा, पुढे तीच आपल्याला भेटणार आहे.

पुढे तेल आले. १९५१ साली कुवेत ऑइल कंपनीने मीना-अल-अहमदीला समुद्राचे पाणी गोडे करणारा छोटा कारखाना उभारला. त्याची क्षमता दिवसाला ८० हजार गॅलन होती. १९५३ साली शुवैखला सरकारी कारखाना सुरू झाला, तो दिवसाला १० लाख गॅलनचा. गलबते मागे पडली, कंदरी दिसेनासे झाले. इराकमधून नळ टाकून नदीचे पाणी आणण्याच्या योजनेवर बरीच वर्षे बोलणी झाली, पण ती प्रत्यक्षात आली नाही. आज आपल्या नळाला येणारे पाणी म्हणजे मुख्यतः उकळून थंड केलेला समुद्र, त्यात चवीसाठी आणि क्षारांसाठी मिसळलेले थोडे मचूळ भूजल.

ज्या नदीने एकेकाळी मिरकाबची तहान भागवली, तिची आजची स्थिती वाईट आहे. वरच्या अंगाला धरणे झाली, प्रवाह घटला, समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले. २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात खाऱ्या आणि दूषित पाण्यामुळे १ लाखाहून अधिक लोकांना दवाखान्यात जावे लागले. भरलेली नदी म्हणजे कायमची नदी नव्हे, हा धडा आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर गिरवला गेला.

कुवेतची स्वतःची नदी

आता मूळ गोष्टीकडे येऊ. कुवेतला स्वतःची नदी नाही, असे शाळेच्या भूगोलात आपली मुले शिकतात. ते खरेच आहे. पण एकेकाळी ती होती, असे मानायला जागा आहे. बोस्टन विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ फारूक अल-बाझ यांनी १९९३ साली उपग्रहाच्या चित्रांवरून एका लुप्त नदीचा माग दाखवला. अरबस्तानच्या पश्चिमेकडच्या हिजाझच्या डोंगरांत उगम पावून सुमारे ८५० किलोमीटर वाहत ती आजच्या कुवेतच्या बाजूला येत असे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडे झाले, नदी आटली आणि तिचे पात्र वाळूच्या टेकड्यांखाली झाकले गेले. वादी-अल-बातिन नावाची जी लांबलचक घळ कुवेतच्या पश्चिम सीमेवरून जाते, ती तिच्याच खोऱ्याचा उरलेला भाग. उत्तर कुवेतमध्ये जमिनीत सापडणारे गोलगुळगुळीत गोटे आणि जाड वाळू ही अशा वाहत्या पाण्यानेच आणून टाकलेली. म्हणजे आपण ज्याला डेझर्ट म्हणतो, ते एका नदीच्या मुखाशी साचलेले वाळवंट आहे. पंढरपूरच्या अर्थाने वाळवंट!

या गोट्यावाळूच्या थरांत १९६० साली उत्तरेला रौदतैन येथे गोडे पाणी सापडले. इराककडे जाणाऱ्या रस्त्याच्या बांधकामासाठी पाणी शोधताना ते हाती लागले. १९६२ पासून त्याचा उपसा सुरू झाला. रौदतैन म्हणजे 'दोन बागा'. बाटलीवर हे नाव आपण रोज वाचतो, पण त्यामागची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

रौदतैनला जमीन पसरट वाडग्यासारखी सखल आहे. हिवाळ्यात कधी एखादी जोराची सर येते, तेव्हा चहूबाजूंनी उथळ वाद्यांतून, म्हणजे आपल्या भाषेत ओढ्यांतून, पाणी धावत त्या वाडग्याकडे येते. हे ओढे वर्षातले काही तासच वाहतात. पण तेवढ्या वेळात त्यांच्या तळातून आणि काठांतून पाणी झपाट्याने खाली मुरते, कारण खाली जुन्या नदीचे गोटे आहेत. खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलके, म्हणून दुधावर साय धरावी तसे वर तरंगत राहते. हजारो वर्षे अशा सरी साठत साठत ही साय जाड झाली.

साय खाताना जपून खावी लागते. जोराने उपसले की खालचे खारे पाणी वर ओढले जाते. त्यामुळे इथला उपसा आवरता घ्यावा लागला. आणि १९९१ साली वेगळेच संकट आले. माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. रौदतैन आणि साब्रियाची तेलक्षेत्रे याच भागातली. आगी विझवायला समुद्राचे पाणी वापरले गेले, जमिनीवर तेलाची तळी साचली. शेवटची विहीर नोव्हेंबरमध्ये विझली, पण पुढे पावसाबरोबर ते खारे पाणी आणि तेलाचे अंश खाली झिरपत गेले आणि त्या गोड्या सायीच्या काही भागात पोचल्याचे तपासण्यांत दिसून आले. ज्या वाटेने पाणी खाली जाते, त्याच वाटेने घाणही जाते. वाट तिला नाही म्हणत नाही.

काठ म्हणजे कणगी

आता हे सारे नीट समजून घेण्यासाठी थोडे शास्त्र. घाबरू नका, गावाकडे प्रत्येकाने पाहिलेलेच आहे.

उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की बायका पात्रातल्या वाळूत हाताने खड्डा करतात. त्याला झिरा म्हणतात, काही भागांत डवरा. थोडा वेळ थांबले की खड्ड्यात नितळ पाणी जमते. हे पाणी कुठले? ते नदीचेच, पण वाळूच्या आत चालणारे. आणि काठच्या जमिनीतून नदीकडे निघालेलेही. वर पात्र कोरडे दिसत असले तरी खाली नदी वाहतच असते, फार सावकाश.

पावसाळ्यात नदी दुथडी भरते. तेव्हा तिची पातळी काठच्या जमिनीतल्या पाण्यापेक्षा उंच असते, म्हणून पाणी नदीतून काठात शिरते. दसरा-दिवाळीनंतर नदी उतरते. आता काठातली पातळी उंच आणि नदीची खाली. मग तेच पाणी उलट फिरते आणि काठातून नदीत येऊ लागते. म्हणजे मार्गशीर्षात, पौषात, आभाळात ढगाचा तुकडा नसताना नदीत जे पाणी दिसते, ते बहुतेक जमिनीतून परत आलेले असते. काठ ही नदीची कणगी आहे. सुगीत भरायची आणि पुढे सहा महिने पुरवून खायची.

हे पाणी किती वेगाने सरकते, याचा हिशेब १८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराचे अभियंता हेन्री डार्सी यांनी मांडला. शहरासाठी वाळूची गाळणी बांधताना त्यांनी प्रयोग केले आणि दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते, असे दाखवले: पातळीतला उतार किती आणि मातीतून पाणी किती सहज जाऊ शकते. जाड वाळूतून पाणी जे अंतर दिवसात कापेल, त्याला चिकण मातीत वर्षानुवर्षे लागतात.

सावकाशीचा फायदाही आहे. वाळूतून जाताना गढूळपणा अडतो, बरेच जंतू मागे राहतात. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी ड्युसेलडॉर्फ शहराने १८७० पासून थेट नदीचे नव्हे, तर काठच्या विहिरींतून असे गाळून आलेले पाणी घेतले. हरिद्वारलाही गंगेच्या काठच्या विहिरींतून शहराला पाणी पुरवले जाते. आपल्या आज्या झिऱ्याचे पाणी प्यायच्या, त्यामागे हेच शहाणपण होते. मात्र गाळलेले म्हणजे निर्जंतुक नव्हे, आणि आजच्या नदीत रसायने असतील तर ती वाळूला नेहमी अडवता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

खाम आणि तापी

जमिनीतून नदीकडे निघालेले पाणी वाटेतच धरायचे, ही कल्पना आपल्या आखातात फार जुनी आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर इराणात तिला कनात म्हणतात, खाली ओमानात फलज. डोंगराच्या पायथ्याशी भूजल गाठायचे आणि किंचित उताराच्या भुयारातून ते गावापर्यंत आणायचे. वर ठरावीक अंतरावर उभी विवरे ठेवायची, हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. पंप नाही, मोट नाही, बैल नाही.

हीच विद्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये उतरली. मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला कर्तबगार पुरुष. बगदाद तैग्रिसकाठचे, म्हणजे शत्त-अल-अरबच्याच पाण्यावरचे! निजामशाहीचा वजीर झाल्यावर त्याने १६१० साली खडकी हे शहर वसवले. पुढे ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नव्या शहराला पाणी हवे होते आणि शेजारची खाम नदी तशी लहान. मलिक अंबराने नदीचे वरचे पाणी न उचलता, हर्सूलच्या बाजूला खामच्या खोऱ्यात जमिनीखाली मुरलेले पाणी धरले. १६१७ च्या सुमारास झालेली ती नहर-ए-अंबरी. बांधीव भुयारात आजूबाजूचे पाणी झिरपायचे आणि उताराने शहरात जायचे. पुढच्या काळात तशाच आणखी नहरी झाल्या. जटवाड्याच्या बाजूने येणाऱ्या नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. सहलीला गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे, पण पाणी जिथून येते ते कोणी पाहत नाही, कारण ते जमिनीखाली आहे.

त्याच सुमारास, १६१५ साली, खानदेशाच्या वेशीवर बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. आज हे शहर मध्य प्रदेशात असले तरी तिथल्या बाजारात मराठी सहज ऐकू येते. साताऱ्याला जसा अजिंक्यतारा तसा बऱ्हाणपूरला सातपुडा उशाशी. त्या सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे निघते. ते तापीत पोचण्याआधीच भुयारांनी अडवायचे आणि शहरात आणायचे, ही युक्ती. आराखडा इराणी जाणकाराचा. ओळीने बांधलेल्या शंभरावर कुंड्या आणि त्यांना खालून जोडणारे भुयार. चारशे वर्षे झाली, अजून त्यात पाणी वाहते.

या बांधकाम्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. नदीचे पाणी आणि विहिरीचे पाणी हे दोन वेगळे साठे नाहीत. एकाच घरच्या ओसरीवर आणि माजघरात ठेवलेले ते एकच धान्य आहे.

कोल्हापूरकडच्या मंडळींना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. बरगे वेळेवर पडले की नदीत पाणी तुंबते, आणि दोन्ही काठांच्या विहिरी न सांगता भरतात. कोकणात हेच काम सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून केलेले वनराई बंधारे करतात. बरगे चोरीला गेले किंवा घालायला महिनाभर उशीर झाला, तर ते नुकसान फक्त पात्रातले नसते. काठची कणगीच रिकामी राहते.

हिशेब कुठे चुकला

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. वरचा मुरूम आणि मांजऱ्या पाणी धरतो, खालचा काळा पाषाण भेगा असतील तेवढेच. म्हणजे आपली कणगी मुळातच उथळ. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी खोल छिद्रे घेणारी यंत्रे फिरू लागली. पिण्याच्या पाण्यासाठी ते वरदान होते. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही स्थापन झाली. पण पुढे शेतीसाठीही बोअर होऊ लागले, शंभर फुटांचे दोनशे झाले, दोनशेचे पाचशे.

१९४० साली अमेरिकी भूजलतज्ज्ञ चार्ल्स थाइस यांनी एक साधी गोष्ट बजावली होती. विहिरीतून काढलेले पाणी नवे निर्माण झालेले नसते, ते कुठून तरी कमी झालेलेच असते. काठच्या शेतात बोअर चालू केला की सुरुवातीला नदीकडे निघालेले पाणी वाटेत अडते. उपसा वाढला की काठातली पातळी नदीच्या खाली जाते आणि नदीच उलटी बोअरकडे वाहू लागते. मग गावकरी म्हणतात, "पूर्वी नदी होळीपर्यंत वाहायची, आता दिवाळीतच आटते. पाऊस कमी झाला." पाऊस काही वर्षी कमी झालाही असेल. पण पाऊस तितकाच पडूनही नदी लवकर आटू शकते, याचे कारण आपल्या मोटरच्या खटक्यात असते.

दुसरी चूक वाळूची. नदीतली वाळू म्हणजे नुसते बांधकामाचे सामान नव्हे, ती पाण्याची साठवण आणि गाळणी दोन्ही आहे. वाळू काढून पात्र दोन पुरुष खोल गेले की काठच्या विहिरींतले पाणी त्या खड्ड्याकडे धावते आणि विहिरी अधांतरी राहतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली, त्यामागे अशीच काळजी होती. नाला खोलीकरणाचेही तसेच आहे. माफक केले तर पाणी मुरते. पण काठातल्या पाणीधारक थराला आरपार चिरून खोल चर काढला, तर तोच नाला शेजारच्या शेतांतले पाणी ओढून घेतो.

कायद्यानेही बराच काळ नदी आणि विहीर यांना दोन घरांत ठेवले. नदी सरकारची, आणि जमिनीखालचे पाणी ज्याची जमीन त्याचे. १९९३ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आले. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. कागदावर चांगल्या तरतुदी आहेत. पण पाण्याचा कागद शेवटी गावानेच वाचायचा असतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तो वाचला. शेतीला बोअर नाही, आणि दरवर्षी पावसाच्या मापावर पिकांचा ताळेबंद. म्हणून तिथल्या विहिरींत पाणी दिसते.

आपला वाटा

हे सारे कुवेतच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर मिरकाबच्या मनी एक्स्चेंजच्या रांगेत आहे. आपण पाठवलेल्या पैशांतून गावाकडे घरे उभी राहतात, शेते सुधारतात. त्यांतल्या किती घरांना कुठल्या नदीची वाळू लागली, आणि किती शेतांत आपल्या दिनारांनी खोल बोअर घेतला, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. इथे पाण्याच्या थेंबाला जपणारा माणूस तिथे शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल जायला एका फोनवर होकार देतो. दोष कुणा एकाचा नाही. जमिनीखालचे दिसत नाही, एवढेच.

म्हणून पुढच्या वेळी घरून बोअरसाठी फोन आला, तर पैसे नाकारू नका, पण चार प्रश्न जरूर विचारा. ओढा किंवा नदी किती लांब आहे? गावाची पिण्याची विहीर किती लांब आहे? शेजारच्या जुन्या विहिरीत दसऱ्याला किती पाणी होते आणि गुढीपाडव्याला किती? आणि तेवढ्याच पैशांत गावच्या बंधाऱ्याचे बरगे, गोण्यांचा बंधारा किंवा जुन्या विहिरीचा गाळ काढणे होईल का? घर बांधताना नदीच्या वाळूऐवजी खडकाची कृत्रिम वाळू चालेल का, हेही गवंड्याला विचारा. विहिरीच्या कठड्यावर खडूने दोन तारखा आणि दोन पातळ्या लिहिण्याचे काम घरातला शाळकरी मुलगाही करू शकतो. चार वर्षांच्या नोंदी झाल्या की नदी आपोआप बोलू लागेल.

जाता जाता एक विचित्र गोष्ट. कुवेत शहर आणि उपनगरांत गेली काही दशके जमिनीखालचे पाणी वर चढत आले आहे. बागांना दिलेले जास्तीचे पाणी आणि जमिनीतल्या नळांची गळती खाली मुरते, आणि ठिकठिकाणी इमारतींच्या तळघरांतून पाणी उपसावे लागते. समुद्र उकळून केलेले ते महागडे पाणी, नदी नसलेल्या शहराखाली साठते आहे. आणि जिथे गोदा, भीमा, कृष्णा, तापी वाहतात, त्या आपल्या अनेक तालुक्यांत ते दरवर्षी खाली जाते आहे. एका ठिकाणी निष्काळजीपणाने पातळी चढते, दुसऱ्या ठिकाणी निष्काळजीपणानेच उतरते.

रौदतैनचे ओढे वर्षातून काही तास वाहिले तरी त्यांनी हजारो वर्षांची साय जमवून ठेवली. आपल्या नद्या चार महिने वाहतात. त्यांच्या काठांना फक्त भरू द्यायचे आहे, आणि भरलेले थोडे सावकाश काढायचे आहे.